निर्वासित कुटुंबाच्या स्वागताची तयारी: किती करायचं आणि कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ओळखीचे आठ-दहा जण मिळून गट केला आहे, महिनाभरात एक निर्वासित कुटुंब येणार आहे: आईवडील, तीन मुलं आणि आजी. पैसे जमलेत, उत्साह भरपूर आहे, अनुभव मात्र कुणालाच नाही. पहिल्या काही आठवड्यांत काय करायचं, मदत कुठे जास्त होते, आणि काही महिन्यांत ते दुसऱ्याच शहरात निघून गेले तर काय, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं अशा गटांबरोबर काम करते. तिन्हींची उत्तरं देते, पण मधल्या प्रश्नावर जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक गट तिथेच अडखळतात.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. येणारी माणसं असहाय नाहीत. जगातले बहुतेक निर्वासित स्वतःच्या देशाला लागून असलेल्या देशांतच राहतात. तिसऱ्या देशात रीतसर पुनर्वसनाची संधी वर्षाला त्यांच्यातल्या एक टक्क्यालाही मिळत नाही. म्हणजे तुमच्यापर्यंत पोचलेल्या कुटुंबाने घर सोडलंय, परक्या ठिकाणी बहुधा कामाच्या परवान्याशिवाय संसार ओढलाय, मुलाखतींवर मुलाखती दिल्यात, सुरक्षा आणि वैद्यकीय तपासण्या पार केल्यात, आणि हे करताना मुलं वाढवलीत. ज्या बाईने हे निभावलं तिला बसने जाता येतं. इथली बस कुठून सुटते आणि तिकीट कसं काढायचं, एवढंच तिला ठाऊक नसतं. तुमचं काम तेवढं सांगण्याचं आहे.

पहिल्या दिवसाबद्दल. विमानतळावर दोघं-तिघंच जा आणि दुभाषी बरोबर न्या. मोठा घोळका, फलक, कॅमेरे नकोत. लांबच्या प्रवासानंतर अनोळखी चेहऱ्यांसमोर हसत उभं राहणं ही त्यांच्यासाठी शिक्षा असते. मुलांच्या वयाप्रमाणे गाडीत बेबी सीट आधीच बसवून घ्या. बऱ्याच देशांत त्याशिवाय लहान मुलाला गाडीत बसवणं बेकायदा आहे आणि ऐनवेळी त्या मिळत नाहीत. पुनर्वसनाखाली येणाऱ्या कुटुंबांचा प्रवास बहुतेक वेळा आयओएम, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, पार पाडते, आणि त्यांच्या हातात आयओएमचं नाव छापलेली एक पिशवी असते. प्रवासाची कागदपत्रं, वैद्यकीय अहवाल, बऱ्याचदा छातीचा एक्सरे, असं सगळं तिच्यात असतं. ती पिशवी तुम्ही उचलू नका, जपून ठेवतो म्हणून घरी तर मुळीच नेऊ नका. दोन दिवसांनी त्यांच्यासोबत बसून प्रती काढा आणि मूळ कागद त्यांच्याच कपाटात ठेवायला लावा. पासपोर्ट किंवा ओळखपत्र स्वयंसेवकाने स्वतःजवळ ठेवणं कुठल्याही कारणाने चालत नाही, त्यांनी स्वतः दिलं तरी.

घरी पोचल्यावर चावी त्यांच्या हातात द्या आणि गटाकडे जादा चावी ठेवू नका. ही गोष्ट गटांना खटकते. ‘अडीअडचणीला असावी’ असं कुणीतरी म्हणतंच. पण ज्या घरात बाहेरचा माणूस केव्हाही दार उघडून येऊ शकतो ते घर त्यांचं होत नाही, आणि दारावरच्या अचानक थापेचा अर्थ त्यांच्या आयुष्यात काय होता हे तुम्हाला माहीत नाही. फोन करून, वेळ ठरवून, बेल वाजवून जा. पहिल्या रात्री शेगडी, गरम पाणी, दाराचं कुलूप, धुराचा अलार्म आणि आपत्कालीन फोन नंबर एवढंच दाखवा. अलार्म वाजवून दाखवण्याआधी काय होणार ते नीट सांगा. वायफाय चालू आहे ना ते बघा, कारण पोचल्याचं मागे राहिलेल्यांना कळवणं ही त्यांची पहिली निकड असते. एक वेळचं खाणं तयार ठेवा आणि अर्ध्या तासात निघा.

मग कागदपत्रं. इथे घाई आणि चिकाटी दोन्ही लागतात. नोंदणी, ओळख क्रमांक, बँक खातं, आरोग्य सेवा, शाळा हा क्रम देशादेशांत थोडा बदलतो, पण एकाचं काम दुसऱ्यावर अडकतं हे सगळीकडे सारखंच. कुटुंबाचा कायदेशीर दर्जा काय आहे ते पहिल्याच दिवशी नेमकं समजून घ्या. मान्यताप्राप्त निर्वासित, अर्ज प्रलंबित असलेला आश्रयार्थी आणि तात्पुरतं संरक्षण मिळालेला माणूस या तिघांचे हक्क वेगळे असतात. युरोपियन युनियनचा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश २००१ मध्ये मंजूर झाला आणि पहिल्यांदा लागू झाला तो थेट मार्च २०२२ मध्ये, युक्रेनमधून आलेल्यांसाठी. त्यांना लगेच काम करता आलं. त्याच गावातल्या दुसऱ्या देशाच्या आश्रयार्थ्याला मात्र कामाच्या परवानगीची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागत होती. दोन्ही कुटुंबांना मदत करणारे स्वयंसेवक एकच असले, तर एकाला दिलेली माहिती दुसऱ्याला जशीच्या तशी सांगून टाकतात, आणि त्यातून खरं नुकसान होतं.

नावं आणि जन्मतारखा तपासा. बऱ्याच निर्वासितांची जन्मतारीख १ जानेवारी नोंदलेली दिसेल. जिथे जन्मनोंद नव्हती किंवा कागद हरवले, तिथे अधिकाऱ्यांनी वर्ष अंदाजे धरून ही तारीख घातलेली असते. आईवडील आणि मुलं सगळ्यांचीच एक तारीख बघून बँकेतला माणूस संशयाने बघतो. तेव्हा शांतपणे समजावणारं कुणीतरी सोबत असावं. नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं असेल, कुणाला आडनावच नसेल. पहिल्या सरकारी नोंदीत जे चढतं ते पुढच्या सगळ्या ठिकाणी जातं, म्हणून त्या खिडकीपाशी कंटाळा करू नका. मात्र स्वतःच्या डोक्याने ‘दुरुस्ती’ सुचवू नका. जन्मवर्ष किंवा नाव बदलण्याचे कायदेशीर परिणाम असतात आणि तो प्रश्न वकिलाचा आहे. ब्रिटनसारख्या देशात पात्रता नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हाच आहे. तुम्ही वकिलाची वेळ घेऊन द्या, दुभाषी मिळवून द्या, सोबत जा.

त्यात एक गोष्ट पहिल्याच पंधरवड्यात विचारा: मागे कोण राहिलंय? नवरा, बायको, अठराखालची मुलं मागे असतील तर त्यांना आणण्याच्या अर्जाला मुदत असू शकते. निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्यावर सोप्या अटींवर कुटुंब आणण्यासाठी जर्मनीत ३ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, कॅनडात आल्यापासून १ वर्ष, अमेरिकेत २ वर्षं असे नियम आहेत, आणि ते बदलत राहतात, मधेच थांबवलेही जातात. सोफा, पडदे, मुलांच्या सायकली यांत गट रमतो आणि ही तारीख निघून जाते. एक जण फक्त या कामाला लावा.

आता दुभाषी. इथे काटकसर करू नका. मुलांना दुभाषी करू नका, दवाखान्यात तर कधीच नाही. बारा वर्षांच्या मुलीला आईच्या गर्भपाताबद्दल किंवा वडिलांच्या अंगावरच्या खुणांबद्दल डॉक्टरांचा प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारायला लावणं क्रूर आहे, आणि मिळणारं उत्तरही अर्धवटच असतं. नातेवाईकालाही टाळा, नवरा दुभाषी असेल तर बायको काय बोलली नाही ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

‘आमच्या ओळखीत त्यांच्याच देशाचा एक जण आहे’ हे ऐकलं की मी थांबवते. देश एक म्हणून भाषा एक नसते. अफगाणिस्तानातून आलेल्याची भाषा दारी असेल, पश्तू असेल किंवा उझबेक. रोहिंग्या माणसाला चितगावकडची बोली बरीच कळते म्हणून प्रमाण बांगला कळेलच असं नाही. आणि भाषा जुळली तरी माणूस जुळेल असं नाही. ज्या संघर्षातून हे कुटुंब पळालं त्यात तो दुभाषी दुसऱ्या बाजूचा असू शकतो, किंवा त्याच्याकडून गावाकडे बातमी जाईल अशी त्यांना धास्ती असू शकते. ते तोंडावर नाही म्हणणार नाहीत, फक्त गप्प होतील. म्हणून दुभाष्याच्या पाठीमागे, दुसऱ्या दुभाष्याच्या मदतीने, फोनवर का होईना, विचारा: कोणती बोली, बाई हवी की पुरुष, कुणी नको आहे का. बोलताना कुटुंबाकडे बघा, दुभाष्याकडे नाही. ‘त्यांना विचारा की…’ असं न म्हणता सरळ ‘तुम्हाला झोप लागते का’ असं त्यांनाच विचारा. छोटी वाक्यं, मधे थांबा. फोनवरचं भाषांतराचं ॲप दुकानात चालतं. करारावर सही करताना आणि डॉक्टरांसमोर चालत नाही.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. मदत जास्त कधी होते? माझ्या मते, जो निर्णय त्यांनी घ्यायला हवा तो तुम्ही घेतला की तिथेच ती जास्त झाली. वेळ किती दिला, वस्तू किती दिल्या याच्याशी त्याचा संबंध नाही. दिवसभर दवाखान्यात सोबत बसणं जास्त नाही. पण मुलांना कोणत्या शाळेत घालायचं हे गटाच्या बैठकीत ठरवून त्यांना ‘कळवणं’ हे जास्त आहे, मग तुमची निवड कितीही चांगली असो. पळून आलेल्या माणसाच्या आयुष्याबद्दलचे निर्णय वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी घेतलेले असतात: कुठे राहायचं, कधी निघायचं, कोणत्या देशात जायचं. त्या रांगेत आपण शेवटचे उभे राहू नये.

रोजच्या व्यवहारात हे असं उतरतं. दवाखान्यात पहिला फोन तुम्ही करा, पण त्यांना शेजारी बसवून, स्पीकरवर. दुसरा फोन त्यांनी करायचा, तुम्ही शेजारी. तिसऱ्या वेळी तुम्ही फक्त विचारायचं, झाला का म्हणून. यात तिप्पट वेळ जातो आणि तुम्हाला वाटेल, मी दोन मिनिटांत केलं असतं. नक्कीच केलं असतं, आणि सहा महिन्यांनीही तुम्हीच करत बसला असता. टपालासाठी घरात एक खोका ठेवायला सांगा. आलेलं प्रत्येक पत्र, जाहिरात असो की नोटीस, त्यात जाईल आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून ते उघडायचं. सरकारी पत्राची मुदत चुकून भत्ता बंद होणं किंवा अर्ज फेटाळला जाणं हे मी इतक्या घरांत पाहिलंय की तो खोका फर्निचरच्या यादीत मी सगळ्यात वर लिहिते. पहिले काही आठवडे पत्रांवर पेन्सिलने त्यांच्या भाषेत त्यांनीच लिहायचं की हे कुणाचं, काय करायचं, कधीपर्यंत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी रंगीत चिकटचिठ्ठ्या चालतात.

घर सजवून पूर्ण करू नका. पलंग, गाद्या, पांघरुणं, स्वयंपाकाची भांडी, टेबल-खुर्च्या एवढं चांगल्या स्थितीत असू द्या. बाकीचे पैसे राखून ठेवा आणि त्यांना स्वतः जाऊन निवडू द्या. भिंतीवर काय लावायचं, आजी कोणत्या खोलीत झोपणार, हे त्यांना कळतं. लोक जुन्या वस्तू देतात तेव्हा गटातल्या एकाने खंबीरपणे नाही म्हणायचं काम घ्यावं. तुटका सोफा कुटुंबाच्या दारात उतरवून गेला की तो फेकायचा खर्च आणि संकोच त्यांच्या वाट्याला येतो.

आणि ‘नाही’ म्हणता येतंय का, हे बघत राहा. उपकाराचं ओझं असलेला माणूस सगळ्यालाच हो म्हणतो. तुम्ही सहलीला बोलावलं, हो. पूजास्थानात बोलावलं, हो. मुलाखत द्याल का, हो. म्हणून काही गोष्टी विचारूच नयेत. धर्माबद्दल काहीही नाही, अप्रत्यक्षही नाही. ‘तिकडे काय झालं’ नाही; त्यांना सांगावंसं वाटलं तर ऐकायचं, खोदायचं नाही, आणि ऐकलेलं गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही. फोटो नाही. त्यांनी आनंदाने संमती दिली तरी समाजमाध्यमांवर नको. मागे राहिलेल्या भावाला त्या एका फोटोपायी चौकशीला बोलावलं जाऊ शकतं, आणि मुलांच्या वर्गमित्रांना दहा वर्षांनीही तो सापडेल. देणगीदारांना फोटो हवेच असतील तर रिकाम्या घराचे, कुटुंब यायच्या आधीचे द्या. पर्याय देताना खरे दोन पर्याय द्या, आणि पहिल्यांदा जेव्हा ते तुम्हाला नाही म्हणतील तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. माझ्या लेखी ती कामाची सगळ्यात चांगली खूण आहे.

बायकांकडे वेगळं लक्ष लागतं. भाषेच्या वर्गात आधी नवऱ्याचं नाव जातं, कारण ‘मुलांना कोण बघणार’. पाळणाघराची सोय आधी केली नाही तर वर्षभराने घरात बाहेरचं जग कळणारा एकच माणूस उरतो. बँक खातं दोघांचं वेगवेगळं काढता येत असेल तर तसं सुचवा. गटातल्या एखादीने बाईंशी एकटीने बोलायची सवय पहिल्यापासून ठेवावी, म्हणजे पुढे काही सांगायचं झालं तर ते वेगळं दिसणार नाही. आजींना विसरू नका. भाषा सगळ्यात कमी त्यांना येणार, बाहेर सगळ्यात कमी त्या पडणार. मुलं मात्र पटापट बोलायला लागतील, आणि मग गट नकळत मुलांमार्फत व्यवहार करायला लागतो. शाळेच्या बैठकीला दुभाषी घेऊन आईवडीलच जातील, हे धरून ठेवा.

पैशांचं सांगते. कॅनडात सामान्य नागरिकांनी निर्वासितांना प्रायोजित करण्याची पद्धत १९७९ पासून चालत आलीय. तिथे निदान पाच जणांचा गट साधारण १२ महिन्यांची जबाबदारी घेतो. १९७९–८० मध्ये इंडोचायनातून, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून, सुमारे ६०,००० लोक तिथे आले, त्यातले निम्म्याहून जास्त अशा खासगी गटांमार्फत. निर्वासितांसाठीच्या कामाबद्दल संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था देते तो नान्सेन पुरस्कार १९८६ मध्ये म्हणूनच एखाद्या व्यक्तीला न जाता कॅनडाच्या जनतेला मिळाला. त्या अनुभवातून आलेला ‘तेरावा महिना’ हा मुद्दा तुमच्या कामाचा आहे. बारा महिने गट भाडं भरतो, तेराव्या महिन्यात कुटुंबाने भरायचं. घर निवडताना तेराव्या महिन्याचं भाडं डोळ्यांपुढे ठेवा. गटाने हौसेने घेतलेलं मोठं, देखणं घर पहिल्या पगारात झेपत नाही, आणि मुलं शाळेत रुळल्यावर सगळ्यांना पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागतं. निधीसाठी गटाचं वेगळं खातं, दोन सह्या, आणि दर महिन्याचा हिशेब कुटुंबालाही दाखवायचा: किती आहे, किती उरलं, कधी संपणार. वैयक्तिक उसने पैसे कुणीही देऊ नयेत. काही देशांत कुटुंबाला प्रवासखर्चाचं कर्ज फेडायचं असतं; ते आहे का, हप्ता कधी सुरू होतो, हे आधीच विचारून घ्या.

कामाबाबत घाई करू नका, आणि अडवूही नका. तिकडे दवाखाना चालवणारी डॉक्टर इथे परवाना मिळेपर्यंत अनेक वर्षं घालवू शकते. तिला ‘मिळेल ते काम घ्या’ असं सांगायचं का, हे मला विचारलं जातं. दोन्ही रस्त्यांचा खर्च, वेळ आणि मधली परीक्षा कागदावर मांडून द्या. घरी पैसे पाठवायची गरज किती आहे हे तिलाच ठाऊक असतं, म्हणून निवड तिची.

पहिले काही आठवडे सगळे हसतमुख असतात. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याच घरांत उतार येतो: झोप नाही, चिडचिड, वर्गाला दांडी, फोन न उचलणं. गटाला हा कृतघ्नपणा वाटतो. तसं नसतं. सुरक्षित झाल्यावरच माणसाला गमावलेल्याचा हिशेब करायला उसंत मिळते, शिवाय फोनवर रोज तिकडच्या बातम्या येत असतात. तुम्ही समुपदेशक नाही, व्हायचा प्रयत्नही करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत सामान्य मदतनीसाला तीन कामं दिलीत: बघा, ऐका, योग्य ठिकाणी जोडून द्या. तेवढंच करा, आणि जीव देण्याची भाषा, घरातली मारहाण किंवा मुलांकडे दुर्लक्ष दिसलं तर थांबून न राहता व्यावसायिक मदत बोलवा.

गटाबद्दल थोडक्यात: कुटुंबाला एकच मुख्य संपर्क, बदली माणूस एक, बाकीच्यांनी परस्पर फोन करू नयेत. सगळ्यांची पोलीस पडताळणी. मुलांबरोबर कुणी एकटं नाही. दर पंधरा दिवसांनी बैठक, तिच्यात कामं बोलायची, कुटुंबाचा स्वभाव नाही. दमलेल्या माणसाने सुट्टी घ्यावी आणि त्यासाठी माफी मागू नये.

राहिला तिसरा प्रश्न. हो, ते निघून जाऊ शकतात, आणि बरेच जण जातात. दुसऱ्या शहरात चुलतभाऊ असतो, आपली भाषा बोलणारी शंभर घरं असतात, आजींना बोलायला माणसं मिळतात, काम मिळतं. तुमच्या गटाला हे लागेल, कारण घर तुम्ही शोधलंय, शाळेसाठी तुम्ही धावलाय. पण मनाप्रमाणे कुठे राहायचं हे ठरवता येणं हाच या सगळ्याचा हेतू होता. पहिल्याच महिन्यात दुभाष्यासमोर स्पष्ट सांगून ठेवा की जायचं ठरलं तर आम्हाला राग येणार नाही, फक्त आधी कळवा, कारण भत्ता, आरोग्य नोंद आणि गटाचं आर्थिक पाठबळ नव्या पत्त्यावर चालू राहतं की नाही हे ठिकाणागणिक बदलतं. कुठे पाठबळ तिथेच थांबतं. हे त्यांना निर्णयाआधी माहीत हवं, नंतर नाही. जायचं पक्कं झालं तर घरमालकाला नोटिशीची मुदत, डिपॉझिट परत, मुलांचे शाळेचे दाखले, लसीकरणाची नोंद, इमिग्रेशन खात्याला पत्त्यातला बदल, टपाल नव्या पत्त्यावर वळवणं, एवढी कामं त्यांच्यासोबत बसून उरका, आणि नव्या शहरातल्या एखाद्या गटाचा नंबर त्यांना द्या. त्या गटाला त्यांच्याबद्दल काय सांगायचं, हे मात्र आधी त्यांनाच विचारा.